मनाची कंपनी निवडताना

'इंडस्ट्रियल सायकॉलॉजी' हा शब्द आमच्या मालकांनी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मला वाटलं, ते सायकलींच्या कुठल्या तरी कारखान्याबद्दल बोलतायत. टॉवेलच्या बाजारात जरा थंडी आली की मालकांच्या डोक्यात दुसरे धंदे घोळायला लागायचेच. म्हणून मी आपलं सावधपणे म्हणालो, "सायकलींना आता मागणी कुठं राहिलीय मालक?"

"सायकल नाही हो बंडगर! सायको! मनाची कंपनी. माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कागदावर काढून देतात म्हणे. एक चांगली बघा आणि बोलवा."

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कामगार अधिकारी होतो. पुढं त्या पदाला एचआर मॅनेजर म्हणायला लागले. खुर्ची तीच राहिली. मूळचा मी सांगोल्याकडचा. घरात माणसांपेक्षा मेंढरं जास्त. सोलापुरात समाजकार्याची पदवी घेऊन नोकरीला लागलो तेव्हा आईनं विचारलं होतं, "म्हंजे तुला काम काय करावं लागतंय?" मी म्हणालो, "माणसं सांभाळायची." ती म्हणाली, "मग त्यात काय अवगड हाय? मेंढरं सांभाळलीसच की." पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मेंढरं निदान सगळी एका दिशेला तरी जातात.

आमचे मालक सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर मराठी, हिशेब तोंडी. वडिलांच्या यंत्रमागाच्या खोलीत वाढलेला माणूस. स्वभाव तापट, पण राग दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नसे. त्यांना ही मनाची कंपनी हवी होती ती एका भांडणापायी.

आमच्या लूमशेडमध्ये, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, मल्लिनाथ नावाचा सुपरवायझर होता. अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, कारखाना सुरू झाल्यापासूनचा माणूस. मागाला नुसता हात लावून कुठं बिघडलंय ते सांगायचा. पण गेल्या काही वर्षांत त्याच्याबद्दल तक्रारी वाढल्या होत्या. खेकसतो, विचारलेल्याला उत्तर देत नाही, तोंड फिरवून निघून जातो. चांगले कारागीर सोडून चालले होते आणि जाताना मी कारण विचारलं की प्रत्येकजण एकच सांगायचा, "साहेब ऐकून घेत नाहीत."

त्यातच इस्माईलचं प्रकरण झालं. इस्माईल हा आमच्याकडचा तरुण कारागीर, माग चालवणारा. एका दुपारी तो चालू माग सोडून निघून गेला. टॉवेलचा अख्खा तागा खराब झाला. दोन दिवसांनी कामावर आला तर गैरहजेरी लागलेली आणि 'न विचारता मशीन सोडून गेला' असा शेरा. त्यानं सरळ जाऊन मल्लिनाथची कॉलर धरली. लोकांनी सोडवासोडव केली आणि दोघांनाही माझ्यासमोर आणून उभं केलं.

"साब, मैं शेड के बाहर इनके सामने खडा होके बोला," इस्माईल म्हणाला, "बीवी को दवाखाने में डाले, जाना है बोल के. इनो मुंडी हिलाए. मैं गया. अब बोलते, कुछ बोलाच नै!"

मल्लिनाथ म्हणाला, "देवाशप्पथ साहेब, ह्यो मला काय सुद्धा बोलला न्हाई. मी खोटं कशाला बोलू?"

चौकशी करणं माझं काम. साक्षीदार दोन मिळाले. दोघांनीही इस्माईलला लांबून बोलताना पाहिलं होतं, आणि मल्लिनाथची मान हललेलीही पाहिली होती. म्हणजे मल्लिनाथ खोटा ठरत होता. आणि मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो की तो खोटं बोलतोय हे माझ्या पचनी पडत नव्हतं. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघांतला एक खोटारडा आहे. त्याला काढायचं. कुणाला काढायचं ते त्या कंपनीला ठरवू द्या. तुमचा आमचा वाईटपणा नको."

तर, एक माणूस घरी पाठवायचा होता आणि त्याचं नाव सांगणारा कुणीतरी मला शोधून आणायचा होता.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. औद्योगिक मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचं औषध नव्हे. कोणत्या कामाला कसा माणूस घ्यावा, चांगली माणसं का सोडून जातात, दोन खात्यांचं एकमेकांशी का पटत नाही, रात्रपाळीत चुका का वाढतात, याचा रीतसर अभ्यास करणारी ही विद्या आहे. मोठ्या कंपन्यांमध्ये तिला मान आहे. अडचण एवढीच की जाणकार कोण आणि नुसता बोलघेवडा कोण, हे वरून कळत नाही. डॉक्टर चुकला तर निदान रोगी कण्हतो. इथं सल्ला चुकला तर माणूस गपचूप डबा उचलून दुसऱ्या कारखान्यात जातो, आणि सल्लागार पुढच्या गावाला.

मी एमआयडीसीतल्या माझ्यासारख्यांना विचारायला सुरुवात केली. आमचा पाचसहा जणांचा एक कंपू होता, महिन्यातून एकदा चहाला जमायचा. एकानं मुंबईची एक बडी कंपनी सांगितली. दुसऱ्यानं पुण्याचे एक सर सांगितले, ते अक्षरावरून स्वभाव सांगत. तिसरा चमचा फिरवत म्हणाला, "एक मिरजेच्या बाई आहेत, डॉक्टर शैलजा म्हणून. पण तुम्ही नका बोलवू. हट्टी आहेत. आमच्याकडचं काम अर्ध्यात सोडून गेल्या."

"का?"

"आम्ही यादी मागितली, कुणाकुणाला कमी करायचं त्याची. म्हणाल्या, ते माझं काम नाही."

मी तिन्ही नंबर लिहून घेतले.

पहिल्यांदा मुंबईवाले आले. दोघं तरुण, चकचकीत बूट, पडद्यावर रंगीबेरंगी आलेख. त्यांचं म्हणणं, माणसांना भेटायची गरजच नाही. प्रश्नावली भरून घ्यायची, बाकी सगळं संगणक बघतो. नमुना म्हणून त्यांनी आमच्या काही सुपरवायझरांकडून एक कागद भरून घेतला. मराठी भाषांतर असं होतं की माझी बायको सुनंदा, जी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायची, तिनं वाचून लाल पेन मागितला. त्यात एक प्रश्न होता, 'आपणांस कामाच्या ठिकाणी दबाव जाणवतो काय?' आमचे माग हवेच्या दाबावर चालणारे. एकानं प्रामाणिकपणे लिहिलं, 'दबाव बरोबर आहे. सकाळी गेज बघितला. दोन नंबर लाइनला थोडा कमी.' संगणकानं त्याला तणावग्रस्त ठरवलं.

मी ठरवलं, आधी मी स्वतःच रोगी व्हायचं. शिवणाऱ्याची कात्री दुसऱ्याच्या कापडावर कशाला बघा? मुंबईवाल्यांची मोठी प्रश्नावली मी रात्रीचं जेवण झाल्यावर घरी भरली. अहवाल आला त्यात लिहिलं होतं की मी विक्री विभागासाठी अत्यंत योग्य आहे. सुनंदा इतकी हसली की शेजारची बाई डोकावली. जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा मी गिऱ्हाइकाला तिच्यातले सगळे दोष आधी सांगितले होते. ती स्कूटर अजून आमच्याच दारात आहे.

पुण्याचे सर आले ते मोठ्या थाटात. अंगात जोधपुरी कोट, आवाज नाटकातला. त्यांनी मालकांची सही मागितली, भिंगातून बघितली आणि म्हणाले, "हा शेवटचा फाटा बघा. समुद्र ओलांडणारा माणूस!" मालक खुलले. आमचा टॉवेल तेव्हा समुद्र ओलांडत होताच, त्याला सही बघायची गरज नव्हती, पण कोण बोलणार? सर जाताना मला म्हणाले, "तुमचंही अक्षर पाठवा, पानभर." मी पाठवलं. फक्त ते सुनंदाकडून लिहून घेतलं.

आठ दिवसांत उत्तर. 'आपण जन्मजात सेनापती आहात. घरात आणि दारात आपला शब्द अंतिम असतो.'

सुनंदानं ते दोनदा वाचलं. "माणूस हुशार आहे हो," ती म्हणाली. "सेनापती कोण ते बरोबर ओळखलंय."

राहिल्या मिरजेच्या बाई. त्या आल्या तेव्हा मला त्या अजिबात आवडल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, पडदा नाही की आलेख नाही. आमची कागदपत्रं बघण्याऐवजी मलाच प्रश्न विचारत सुटल्या. कुठल्या कुठल्या कंपन्यांत काम केलंय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "नावं सांगता येत नाहीत. त्यांना विचारते, ज्यांची हरकत नसेल ते तुम्हाला फोन करतील." मनात म्हटलं, ही कुठली पद्धत? पण आठवड्याभरात दोन फोन आले. एकानं कौतुक केलं. दुसरा म्हणाला, "बाईंनी सांगितलेलं आम्हाला पटलं नाही, पण सांगितलं ते तोंडावर."

त्यांनाही मी तेच म्हणालो, आधी माझी परीक्षा घ्या. त्या म्हणाल्या, "घेऊ. पण निम्मा दिवस लागेल. आणि जे निघेल ते फक्त तुम्हाला सांगेन, मालकांना नाही."

निम्मा दिवस त्यांनी मला बोलतं ठेवलं. थोडे कागद भरून घेतले, काही प्रसंग दिले, तुम्ही काय केलं असतं म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी समोर बसवून सांगितलं. त्यातलं एक वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "भांडण तुम्हाला बघवत नाही. म्हणून ते तुम्ही फार लवकर मिटवता. कधी कधी मुळाशी जायच्या आधीच." घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "एवढ्यासाठी मिरजेहून बाई आणावी लागली?"

पण माझं मत बदललं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्यांच्या लेखी अहवालात दोन ठिकाणी लिहिलं होतं, 'याबाबत निश्चित सांगता येत नाही.' मुंबईच्या संगणकाला सगळं सांगता आलं होतं. पुण्याच्या सरांना तर माझ्या बायकोच्या अक्षरावरून माझा जन्मही सांगता आला होता. ज्याला 'माहीत नाही' असं लिहिता येतं, त्यानं लिहिलेलं बाकीचं वाचायला हरकत नाही, असं मला वाटलं. आजही वाटतं.

मालकांना पटवणं अवघड होतं. त्यांचा जीव पुण्याच्या सरांवर जडला होता. मग मी त्यांना सुनंदाच्या अक्षराची गोष्ट सांगितली. मालक आधी हसले, मग खुर्चीत सरसावून बसले.

"मग माझ्या सहीचं?"

"तुमचं खरंच असेल मालक. पण वहिनींनी सही केली असती तरी समुद्र ओलांडलाच असता."

ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. मग म्हणाले, "बोलवा त्या बाईंना. पण नाव मिळालं पाहिजे मला."

शैलजा मॅडमनी करारात एक कलम घातलं होतं. कामगार आणि सुपरवायझर त्यांच्याशी जे बोलतील ते त्यांच्यापाशीच राहील. कारखान्याला फक्त खात्यांचं चित्र मिळेल. आणि त्यावरून कुणालाही कामावरून काढायचं नाही. मी ते मालकांना वाचून दाखवलं. मालकांनी 'हां हां' करत सही ठोकली. लिहिलेलं एक आणि चालणारं एक, हा त्यांचा धंद्यातला अनुभव.

पहिल्या दिवशी मॅडमना लूमशेडमध्ये नेलं. शेडमध्ये शिरलेल्याला आधी आवाज लागतो, मग माग दिसतात. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या त्या कपाळ दाबतच. म्हणाल्या, "आत मला एक शब्द ऐकू आला नाही. तुम्ही लोक एकमेकांशी बोलता कसे?"

"हातवाऱ्यांनी. आणि मागावर दिवे असतात, लाल-पिवळे. धागा तुटला की दिवा लागतो."

त्यांनी मान हलवली आणि वहीत काही लिहिलंही नाही. मग हजेरीच्या टाइम ऑफिसच्या मागची शांत खोली मागून घेतली आणि एकेकाला बोलवायला लागल्या. तेलुगू बोलणाऱ्या बायकांसाठी पूर्व भागातल्या एक निवृत्त शिक्षिका त्यांनी स्वतःच शोधून आणल्या. कारखान्याचा माणूस दुभाष्या म्हणून नको, म्हणाल्या. कुणी रडत बाहेर आलं, कुणी हसत. मल्लिनाथ बाहेर आला तो चेहरा दगडासारखा करून. मी विचारलं, "काय विचारलं?" तो म्हणाला, "काय न्हाई," आणि निघून गेला.

अहवालाच्या दिवशी मालक आधीपासूनच खुर्चीच्या टोकावर बसले होते. मॅडमनी शांतपणे सांगायला सुरुवात केली. पाळ्या कशा लावाव्यात, रजा तोंडी न मागता चिठ्ठीवर का मागावी, नव्या माणसाला शिकवायला वेगळी जागा का हवी. आणि मग जिच्याखाली रेघ मारली होती ती सर्वांत महत्त्वाची शिफारस वाचली, 'लूमशेडशी संबंध असलेल्या सर्वांच्या कानांची यंत्रावर तपासणी करावी.'

"कानांची?" मालक ओरडले. "मी मनाच्या डॉक्टरला बोलावलं आणि तुम्ही कानाचं सांगता? ते राहू द्या. मल्लिनाथ का इस्माईल, कोण खोटं बोलतोय तेवढं सांगा."

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हाला कळलेलं नाही?"

"कळलंय की नाही, हेही सांगणार नाही. करारात तसं आहे."

मालक माझ्याकडे वळले. "बंडगर, ही तुमची निवड!"

खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, चुकलंच आपलं. आमच्याकडे दर वर्षी वैद्यकीय तपासणी होतच असे. वजन, रक्तदाब, डोळे. कानात डॉक्टर बॅटरी मारून मळ आहे का बघायचे. आणखी काय बघायचं? इतके दिवस बाईंनी माणसं बसवली, आणि हाती काय तर कान!

मॅडमना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. रिक्षात बसता बसता त्या म्हणाल्या, "बंडगरसाहेब, बाकीचं सोडा. पण तेवढी तपासणी कराच. आणि पहिली मालकांची करा. म्हणजे कुणाला लाज वाटणार नाही."

मालकांना कसं तयार केलं ते विचारू नका. 'बाईंची शिफारस फुकट गेली असं दाखवायला तरी तपासणी केली पाहिजे', असं काहीतरी मी म्हणालो, आणि ते त्यांना पटलं. शहरातून यंत्र घेऊन तंत्रज्ञ आला. मालक पहिले बसले, कानावर हेडफोन लावून, आवाज आला की बोट वर करायचं. त्यांचं बोट बराच वेळ खालीच होतं. बाजूला उभ्या असलेल्या आम्हाला हेडफोनमधून झिरपणारी शिट्टी ऐकू येत होती.

तंत्रज्ञानं कागद पुढं केला. दोन्ही कानांची रेघ उजवीकडे जाता जाता विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली. उजव्या कानाची जास्त.

"मशीन खराब आहे," मालक म्हणाले.

मग मी बसलो. माझी रेघ थोडी वाकडी, पण चालण्यासारखी. मशीन चांगलं होतं. मालकांनी कागद परत हातात घेतला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "लहानपणी मागाखालीच झोपायचो. माग बंद पडला की जाग यायची मला." त्यांनी मला जवळ बोलावलं आणि अनपेक्षितपणे म्हणाले, "हा कागद नोटीस बोर्डावर लावा. मालकाचे कान गेलेत म्हणावं. आता सगळ्यांनी करून घ्या."

लूमशेडच्या तपासणीची पाळी होती त्या दिवशी मल्लिनाथ रजेवर गेला. सासुरवाडीला कुणीतरी आजारी असल्याचं सांगून. दोन दिवसांनी आला. नोटीस बोर्डासमोर तो बराच वेळ उभा होता, ते मी खिडकीतून बघितलं. मग तो माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं आणि माझ्या अगदी समोर बसला.

"मालकांचं बी गेलंय?"

"गेलंय. उजव्या कानाचं जास्त."

"मग माझं बी बघा साहेब." आणि त्या थोराड माणसानं तोंडावर रुमाल धरला. "लई वर्षं झाली. शेडमधी कळत न्हाई की कुणाला. तितं सगळेच बहिरे. भाईर आलो की माणसाच्या तोंडाकडं बघून ताडायचं. न्हाई कळलं तर मान हलवायची. लोकांस्नी वाटतंय, माजलाय. सांगितलं तर काढतील, म्हणून गप राहिलो. त्या मॅडमनी वळखलं होतं. खिडकीकडं तोंड करून कायतरी बोलल्या, मला पत्ताच न्हाई, तितंच धरलं त्येंनी मला. मी हात जोडले, सांगू नका म्हणून."

"काय म्हणाल्या मग?"

"म्हणाल्या, मी न्हाई सांगणार. पर तुमी सांगावं. तुमी गप बसला तर त्या पोराच्या नावापुढं खोटारडा लागतोय. न्हाई सांगितलं बघा त्येंनी. मालक एवढं वरडले तरी."

हे सगळं मी मल्लिनाथला विचारून लिहितोय. तो म्हणाला, "लिवा की. आता काय झाकायचंय."

शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून तिथं बहिरा कोण ते कधी कळत नाही. 'ऐकून घेत नाही' असं किती जण मला सांगून गेले होते! आम्ही त्याचा स्वभाव शोधत बसलो.

मालकांसमोर मल्लिनाथला उभा केला. दोघंही एकमेकांशी इतक्या मोठ्यांदा बोलत होते की बाहेरचे कारकून भांडण समजून धावत आले.

"एवढी वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"काढाल म्हणून भ्यालो मालक!"

"काढतो कशाला? मग मला कोण काढणार?"

मल्लिनाथला कानाची यंत्रं बसली. पहिल्या दिवशी ती घालून तो सवयीनं लूमशेडच्या दारात गेला आणि दोन्ही कान दाबून मागं फिरला. "अय्यो, हितं माणसं कशी काम करत्यात साहेब!" आता त्याला शेडमध्ये ठेवणं शक्यच नव्हतं. मॅडमनी सुचवलेला शिकवणीचा विभाग मागच्या गोदामात सुरू केला, बंद ठेवलेल्या दोन मागांवर, आणि नव्या पोरांना शिकवायला मल्लिनाथला दिलं. शेडमध्ये आवाज अडवणाऱ्या कानाच्या बोंड्या सक्तीच्या झाल्या. सुरुवातीला लोकांनी त्या खिशात ठेवल्या. मालक स्वतः घालून फिरायला लागले तेव्हा कानात गेल्या.

सगळं काही भरून निघालं असं नाही. गेलेले कान परत येत नाहीत. सोडून गेलेल्या कारागिरांना मी घरी जाऊन बोलावलं. बहुतेक जण दुसरीकडं रमले होते. एकानं चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, तेव्हाच कळलं असतं तर?" त्याची रुखरुख राहिली.

इस्माईलचा शेरा मी माझ्या हातानं रद्द केला, पण तेवढ्यावर मल्लिनाथचं समाधान होईना. एका दुपारी तो इस्माईलला घेऊन माझ्याकडे आला. तोवर इस्माईलची त्याच वेळी जन्मलेली मुलगी पालथी पडायला लागली होती.

"साहेब, याला म्हणावं, त्या दिवशी मला काय बोलला ते परत बोल."

इस्माईल लाजला. "जाने दो ना चाचा."

"न्हाई. बोल."

इस्माईलनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. हळूच म्हणाला, "बीवी को दवाखाने में डाले. जाना है."

मल्लिनाथनं ऐकलं. पूर्ण ऐकलं. म्हणाला, "जा बाबा. पळ. तुझा माग मी बघतो."

इस्माईल हसायला गेला आणि त्याचे डोळे भरले. मी टेबलावरचे कागद उगाच चाळत राहिलो.

मला निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. होटगी रोडला घर आहे, सकाळी फिरणं आहे, दुपारी झोप आहे, सेनापतींच्या आज्ञा आहेत. बरं चाललंय. मध्यंतरी टेंभुर्णीच्या एका कारखान्यातली नवी एचआर अधिकारी, स्वाती नावाची मुलगी, घरी आली. तिच्याकडेही चांगली माणसं टिकेनात, आणि मानसतज्ज्ञांची कंपनी निवडायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं. कुणाकुणाची रंगीत पत्रकं घेऊन आली होती.

मी तिला म्हणालो, "पत्रकं नंतर वाच. आधी स्वतःची परीक्षा करून घे. मग त्यांना विचार, कुठलं काम नाकारलंत आणि का? ज्यानं कधीच काही नाकारलं नाही त्याला लांबूनच नमस्कार कर."

"एवढंच?"

"एवढंच. आणि मालकांनी काढायच्या माणसाचं नाव मागितलं तर ते तज्ज्ञ काय करतील, तेही बघून ठेव."

ती जरा नाराज होऊनच गेली. दीड दोन महिन्यांनी दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी हळू, कुठंतरी कोपऱ्यात उभी राहून बोलल्यासारखा.

"सर, निवडले एकजण. आज पहिलाच दिवस. आल्याबरोबर म्हणाले, कामगारांना उद्या भेटतो, आधी तुमच्या मालकांशी एकट्यानं बोलायचंय."

"मग?"

"सकाळपासून आत आहेत दोघं. दार बंद. मालकांनी फोनसुद्धा बाहेर पाठवून दिलाय. काय चाललंय तेच कळेना."

"ओरडण्याचा आवाज येतोय?"

"नाही सर. मघाशी मालकांच्या हसण्याचा आला. मी इथं आल्यापासून पहिल्यांदाच."

मी तिला म्हणालो, "मग पहिली तपासणी मालकांचीच चाललीय. तू दारापासून लांब हो आणि जेवून घे."